हेतू विचारणारे सर

जानकीपुरममधली ती वरची खोली मला मिळाली, कारण सर माझ्याशी वाद घालून हरले.

मी अमरावतीची. विमा कंपनीत नोकरीला, बदली होऊन लखनौला आलेली. चारबागजवळच्या हॉटेलात राहून आणि रोज पुरी-सब्जी खाऊन माझा जीव मेटाकुटीला आला होता. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, जानकीपुरमला नागपूरकडच्या माणसांचं घर आहे, वरची खोली रिकामी आहे, पण मालक जरा वेगळे आहेत. 'जरा' म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही.

दार सरांनीच उघडलं. उंच, वाळलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी खोलीचं विचारलं तर म्हणाले, "एकट्या बाईला मी वरची खोली देत नाही."

"का?" मी विचारलं. दिवसभराची दमलेली होते, आवाज जरा चढलाच होता.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बसा, बसा," म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "अगं, ऐकलं का? पाहुणी 'का' विचारून राहिली."

मग त्यांनी कारण सांगितलं. जिना बाहेरून आहे, वर कोण आलं कोण गेलं ते खाली कळत नाही, म्हणून एकट्या बाईला ती जागा सुरक्षित नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "असं नाही. आधी माझं म्हणणं तुम्ही परत सांगा. माझ्यापेक्षा चांगलं सांगा. मी 'हो, हेच' म्हटलं की मग उत्तर द्या."

माणूस चक्रम आहे हे मला कळून चुकलं होतं, पण बाहेर ऊन होतं आणि हॉटेलची ती पुरी डोळ्यांपुढे होती. मी त्यांचं म्हणणं परत सांगितलं. त्यांना न सुचलेला एक मुद्दाही घातला, की जिन्यात दिवा नाही. ते खूश होऊन म्हणाले, "हो, मला हेच म्हणायचं आहे." मग मी म्हटलं, जिना बाहेरून असला तरी त्याचं फाटक तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. कोण आलं, कोण गेलं, हे काकूंना दिसल्याशिवाय राहणार नाही. दिव्याचं म्हणाल तर तो मी लावून घेईन.

सर खिडकीपाशी गेले, वाकून बाहेर पाहिलं, परत आले आणि म्हणाले, "हरलो." लॉटरी लागल्यावर माणसं जसं सांगतात तसं म्हणाले. मग स्वतः आत जाऊन चहा ठेवला. त्या घरात हरलेल्याने चहा करायचा असा नियम होता. काकू पदराला हात पुसत बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या. "बरं झालं बाई तू आली," म्हणाल्या. "आज मले आयता चहा भेटला."

सर लखनौच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. जुन्या काळी नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, आणि बौद्ध पंडित एकमेकांसमोर बसून कसे वाद करत, त्याचे नियम काय, हार-जीत कशी ठरे, हा त्यांचा विषय. विषय कॉलेजात ठेवून घरी यायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. माणसांच्या बोलण्याचे त्यांनी तीन प्रकार पाडले होते. म्हणजे शास्त्राने पाडले होते, सरांनी ते गल्लीला लावले होते. खरं काय ते शोधायला दोघं बसले की तो वाद. जिंकायलाच बसले की तो जल्प. आणि स्वतःचं काहीच म्हणणं नसताना नुसतं समोरच्याचं पाडत सुटायचं, ती वितंडा. टीव्हीवरच्या चर्चा ते आवाज बंद करून बघत आणि "वितंडा, वितंडा, हा जरासा जल्प," असं बोट दाखवून सांगत. मी ऑफिसातली मीटिंग सांगितली की म्हणत, "हे तिन्हीत बसत नाही बेटा. हा नुसता गोंगाट आहे."

सकाळी भाजीवाला ठेला घेऊन यायचा. ती जुगलबंदी ऐकायला मी मुद्दाम केस विंचरत कठड्याशी उभी राहायची.

"लौकी ताज़ी है साहब."

"हेतु?"

"आज सुबह मंडी से उठाई है."

"उदाहरण?"

"जैसे परसों वाली तोरई. सुबह उठाई थी, ताज़ी निकली. माताजी से पूछ लीजिए."

"उपनय?"

"वैसे ही ये भी उठाई है."

"निगमन?"

"तो ये भी ताज़ी है. अब ले भी लीजिए साहब, धूप में खड़े-खड़े बासी हो जाएगी."

त्या भैयाला लिहितावाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण प्रतिज्ञा म्हणजे आपलं म्हणणं, हेतू म्हणजे त्याचं कारण, तिथपासून निगमनापर्यंत अनुमानाचे पाचही अवयव त्याला तोंडपाठ होते. सर म्हणत, माझ्या एम.ए.च्या पोरांपेक्षा हा बरा, निदान निगमनापर्यंत पोचतो.

दुसऱ्याचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडायचं, या नियमाला ते पूर्वपक्ष म्हणत. या नियमापायी त्यांचं नुकसान किती झालं असेल, मोजदाद नाही. शेजारचे वकीलसाहेब आपली गाडी सरांच्या फाटकासमोर लावायचे. एके दिवशी सर तावातावाने गेले. मध्यस्थ म्हणून मला सोबत नेलं. वाद म्हटला की मध्यस्थ लागतोच, आणि वरच्या खोलीत राहायला आल्यापासून ते पद माझ्याकडे होतं. ते मला नावाने क्वचितच हाक मारत. "या मध्यस्थ," असंच म्हणत. तर सर वकीलसाहेबांना म्हणाले, "आप कहना चाहते हैं कि आपकी तरफ़ नाली खुली है, आपकी माताजी को घुटनों की तकलीफ़ है, वहाँ उतरेंगी तो गिर सकती हैं. इसलिए गाड़ी यहाँ लगती है. यही ना?"

वकीलसाहेब बघतच राहिले. इतकं चांगलं कारण त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. "जी," ते म्हणाले, "बिल्कुल यही."

सरांनी बराच विचार केला. मग "हार गया" म्हणाले. गाडी तेव्हापासून आमच्याच फाटकासमोर लागायला लागली, आणि आता हक्काने लागायला लागली. काकू म्हणाल्या, "आपल्या दारात दुसऱ्याची गाडी उभी केली, अन् तेही आपल्याच तोंडानं. धन्य आहे बाप्पा." सर चहा करत होते. दूध उतू गेलं तरी गुणगुणत होते.

एकदा मी चेष्टेने म्हटलं, "सर, एखाद्या वेळी काही न विचारता नुसतं हो म्हणून बघा. पोट दुखणार नाही."

ते हसले नाहीत. "माझ्या आजोबांनी गावात एकदा विचारलं होतं," म्हणाले. "आम्ही विहिरीवर का नाही यायचं? त्याला उत्तर मिळालं. हेतू, उदाहरण देऊन नाही मिळालं, काठीनं मिळालं. डावा हात मग शेवटपर्यंत वाकडा राहिला. माझ्या बापानं ते पाहिलं होतं, म्हणून त्यानं जन्मभर कोणाला काही विचारलं नाही. सायबाला नाही, सावकाराला नाही. आमच्या घरात 'का' विचारायला मिळालेला पहिला माणूस मी आहे. मी कसा सोडू? आणि मला कोणी विचारलं तर मी उत्तर द्यायला बांधलेला आहे. तो हक्क एका बाजूचा नसतो."

त्यानंतर मी त्यांची त्या शब्दावरून चेष्टा केली नाही.

काकू वाद करत नसत. सर जगाशी वाद घालून आले की त्या म्हणत, "तुमचं तुम्ही पहा." सरांना याचं वाईट वाटायचं. मला सांगायचे, "चाळीस वर्षांत ही माझ्याशी एकदा बसली नाही. बसली असती तर मला पार लोळवलं असतं. डोकं माझ्यापेक्षा तिचं चांगलं आहे." काकू आतून म्हणायच्या, "म्हणूनच नाही बसत." मग दोघं हसायचे.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी काकूंच्या पोटात गाठ निघाली. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. आजार पसरला होता, पण औषधं चालू ठेवली तर काही काळ निघेल असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. सरांनी त्या तरुण डॉक्टरला हेतू विचारला, उदाहरण विचारलं, याआधी अशा किती जणांना गुण आला ते विचारलं. डॉक्टर बिचारा चांगला होता, खुर्ची ओढून बसला आणि सगळी उत्तरं दिली. सर घरी येऊन म्हणाले, "असं उत्तर देणारा डॉक्टर नागपुरात शोधूनही नाही सापडायचा."

नागपूरचं नाव त्यांनी उगीच घेतलं नव्हतं. काकू पहिल्या दिवसापासून एकच सांगत होत्या, की त्यांना नागपूरला बहिणीकडे जायचं आहे.

शेवटी एका रविवारी सकाळी रीतसर बैठक बसली. समोरच्या खोलीत दिवाणावर काकू, अंगावर रजई. समोर सर. बाजूच्या खुर्चीत मी. टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, त्यात बंगळुरूहून त्यांचा मुलगा. काकूंच्या मागे भिंतीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे वाळलेला झेंडू. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण मध्यस्थाला उठता येत नाही.

"बोल," सर म्हणाले. "तुझी प्रतिज्ञा सांग."

"मले नागपूरले जायचं आहे. बहिणीकडे."

"हेतू?"

काकूंनी रजई वर ओढून घेतली.

सरांनी मग आपली बाजू मांडली. इथे उपचार आहेत. इथले डॉक्टर केस ओळखतात. बहिणीला स्वतःला मधुमेह, तिच्याने होणार नाही. प्रवास झेपणार नाही. फोनमधून मुलगा म्हणाला, "मम्मी, पापा सही कह रहे हैं. बेस्ट ट्रीटमेंट वहीं है. ठीक हो जाओ, फिर चली जाना." प्रत्येक मुद्दा खरा होता. एकही ओढूनताणून आणलेला नव्हता.

"आता तू," सर म्हणाले.

"मले जायचं आहे," काकू म्हणाल्या.

सर पुढे सरकले. त्यांना जिंकायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ते तिच्यासाठी कारण शोधायला लागले. "तुझं म्हणणं असं आहे का, की बहिणीची आठवण येते? तिला इथं बोलावता येत नाही, म्हणून तू जायचं?"

"नाही. ती येते म्हणाली तर येईल."

"इथलं हॉस्पिटल आवडत नाही?"

"चांगले आहेत बिचारे."

"मग माझं काही चुकून राहिलं? जेवणाचं, औषधाचं?"

"नाही हो. तुम्ही तर किती करता."

"मग?" सरांचा आवाज फाटला. "काहीतरी सांग ना. एक हेतू दे. मी हरायला तयार आहे."

काकूंनी रजईची कड बोटांत धरली आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं. "मले नागपूरले जायचं आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला यात निर्णय देता येत नाही, ही काही वादाची गोष्ट नाही. ते म्हणाले, "मग कशाची आहे? जीव जायची-राहायची गोष्ट आहे, ती न बोलता ठरवायची का?" यावर मी काही बोलायच्या आधीच काकू म्हणाल्या, "तिले कशाले त्रास देता? हरली मी." आणि भिंतीला धरून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं भांडं काढलं. सर धावत गेले आणि त्यांच्या हातातून ते घेतलं. आत दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली होती. दुपारी काकू उन्हाला गच्चीवर येऊन बसल्या, माझ्या खोलीच्या दाराशी. मी अमरूद चिरून दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला. मी म्हटलं, "काकू, काहीही कारण दिलं असतं तरी सर हरले असते."

"माहीत आहे मले."

"मग?"

त्यांनी पाठ उन्हाकडे केली. मग म्हणाल्या, "माझी बहीण आहे ना, मी तिच्या दारात उभी राहिली की पाणी देते. म्हणते, हातपाय धू. का आली विचारत नाही, किती दिवस राहशील विचारत नाही. मी रडली तरी विचारत नाही, बसून राहते बाजूले. मले आता तेवढंच पाहिजे. इथं मी कूस बदलली तरी हे उठून बसतात. का, दुखते का, कुठं दुखते, कसं दुखते. घास ठेवला की, का ठेवला. लई जीव आहे म्हणून विचारतात, समजते मले. पण उत्तरं देऊन देऊन मी थकली गं."

"हेच सांगा ना सरांना."

"कसं सांगू?" त्या हसल्या, आणि हसल्याने पोटात कळ आली. "ते विचारतीन, का थकली." मग कळ गेल्यावर म्हणाल्या, "त्यांच्या आजोबाचं तुले सांगितलं ना त्यांनी? मग तुले कळते, तो शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काय आहे. त्याचाच मले त्रास होते, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणू? त्यापेक्षा इथंच राहीन. मी आहे तोवर तू काही बोलू नको."

मी बोलले नाही. काकू होळीच्या आधी गेल्या. इथेच, त्याच हॉस्पिटलात. सर शेवटपर्यंत हात धरून बसले होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भन्तेजी आले, लखनौतली नागपूर-वर्ध्याकडची चार-सहा घरं आली, बहीण आली. सगळे पांगल्यावर सरांनी बहिणीला विचारलं, तिला तुमच्याकडे का यायचं होतं? ती माउली पदर तोंडाला लावून रडत राहिली. तिला तो प्रश्नच कधी पडला नव्हता.

मुलगा सुट्टी संपवून गेला, आणि सरांचं सुरू झालं. मी ऑफिसातून आले की ते व्हरांड्यात बसलेले असत. "या मध्यस्थ. आज तिची बाजू मी मांडतो." मग मांडत. "तिचं म्हणणं असं असेल, की शेवट येणारच आहे तर आपल्या गावी यावा." मग स्वतःच ते पाडत. "पण गावाचं तिला कधी कौतुक नव्हतं. गाव म्हटलं की तिला पाण्याचे हंडे आठवायचे. नाही, हे नाही." दुसऱ्या दिवशी दुसरं. "माझे हाल होऊ नयेत म्हणून ती जात होती." मग, "पण तसं असतं तर तुम्ही सोबत येऊ नका म्हणाली असती. तसंही नाही म्हणाली." प्रत्येक वेळी ते मान वर करून माझ्याकडे बघत, आणि मी म्हणायची, "नाही वाटत, सर."

ते खंगत चालले. डाळ-भात शिजवायचे आणि झाकून ठेवायचे. मी पोळ्या करून नेल्या की एखादी खायचे, तीही बोलण्याच्या नादात. मुलगा रोज फोन करायचा, "पापा, बैंगलोर आ जाइए." हे म्हणायचे, "पहले इसका उत्तर मिल जाए." मुलगा मला फोन करून म्हणायचा, "दीदी, आप ही समझाइए ना. ऐसे तो ये भी चले जाएँगे." त्याची भीती खोटी नव्हती. मलाही तीच होती. मी रोज खाली उतरताना ठरवायची की आज सांगावं, आणि त्यांचा चेहरा पाहिला की गिळायची. काकूंनी सहन केलं, पण सांगितलं नाही. ते मी कोण सांगणार? आणि न सांगावं तर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार.

एके दिवशी ते म्हणाले, "मी जिंकलो ना त्या दिवशी. ते जिंकणं माझ्या अंगावर बसलंय. मला हरायचं आहे, पण कशापुढे हरलो ते तरी कळू दे."

मग एप्रिलमधली एक सकाळ. रविवार होता. सरांनी दाढी केली होती, कुर्ता धुतलेला होता. मला बरं वाटलं. त्यांनी मला त्याच खुर्चीत बसवलं आणि वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगायला लागले.

"शास्त्रात पराभवाच्या बावीस जागा सांगितल्या आहेत. त्यांतली एक मी शिकवताना नेहमी घाईनं उरकायचो, असा माणूस असेल कशाला, असं वाटायचं. समोरच्यानं आपलं म्हणणं तीनदा सांगितलं. सभेला ते समजलं. तरी तुम्हाला ते परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. मग तुमच्याकडे हेतू कितीही असोत. काल रात्री मला ते आठवलं. तिनं तीनदा सांगितलं, तू होतीस. मला म्हणून दाखवता आलं नाही, तू पाहिलंस. आता एकच गोष्ट राहिली." त्यांनी चष्मा वर केला. "सभेला समजलं होतं का?"

सभा म्हणजे मी. दुसरं कोणीच नव्हतं.

"त्या दिवशी नाही समजलं, सर," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी समजलं."

आणि मी सांगितलं. गच्ची, ऊन, हातातला अमरूद, बहिणीचं पाणी देणं. काकूंचे शब्द जसेच्या तसे सांगितले, मऊ केले नाहीत. तसे केले असते तर ते त्यांच्या लक्षात आलं असतं. त्या का बोलल्या नाहीत तेही सांगितलं, आजोबांसकट.

सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले. आता ते विचारणार, का लपवलंस. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. ते दिवाणाकडे वळले, जिथे काकू बसल्या होत्या तिकडे, आणि हळू म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुला काही दिवस कोणी काही विचारू नये. मी विचारत होतो. म्हणून तुला जायचं होतं."

आणि थांबले. नियमाप्रमाणे थांबले. समोरच्याने 'हो, मला हेच म्हणायचं आहे' म्हणायचं असतं, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी मध्यस्थ, मला ते म्हणायचा अधिकार नव्हता. सर थांबून राहिले. बाहेर कोणीतरी वकीलसाहेबांच्या गाडीवर पाणी मारत होतं, तो आवाज येत होता. मग ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

मला वाटलं होतं, एकदा रडतील, मोकळे होतील. झालंही तसं म्हणायचं. ते जेवायला लागले. औषधं वेळेवर घ्यायला लागले. पण एके सकाळी भाजीवाल्याने खालूनच मला हाक मारली.

"दीदी, साहब से किसी ने कुछ कहा है क्या?"

"क्यों?"

"कल हमने मज़ाक में बासी पालक दे दी. कि अब पूछेंगे, अब पूछेंगे. चुपचाप रख ली. हम ख़ुद वापस माँगकर लाए, अच्छा नहीं लगा."

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. ते कोणालाच काही विचारत नव्हते. टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत आणि सर त्यांच्याकडे खिडकीबाहेर बघावं तसं बघत. मुलाने फोनवर सांगितलं की घर विकून टाकू, तुम्ही इकडे या. सर म्हणाले, "ठीक है." मुलाने मला आनंदाने कळवलं, "दीदी, पापा अब कितने समझदार हो गए हैं. बिल्कुल बहस नहीं करते." मला त्या मुलाचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. त्याचा काही दोष नव्हता. पण 'का' विचारायची ती गोष्ट वाकड्या हाताच्या एका माणसापासून निघालेली होती. काठीने थांबली नव्हती, ती आता थांबली होती. मी खोटं सांगायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. मात्र खरं कळलं की माणूस सुटतो, हे मी आता कोणाला सांगत नाही.

मी अमरावतीला बदली मागितली. आईचं वय झालं होतं, हे एक कारण. खालून येणारी ती शांतता मला सोसवत नव्हती, हे दुसरं. निघायच्या दिवशी ऑटो फाटकाशी उभा करून मी सरांकडे गेले. ते व्हरांड्यात बसले होते. जिना उतरताना मी मनात सगळं नीट जुळवलं होतं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. मला वाटत होतं, त्यांनी एकदा, एकदाच अडवावं. मी मुद्दाम त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"सर, बदली आपोआप नाही झाली," मी म्हटलं. "मी मागून घेतली. कारण..."

त्यांनी हात वर केला. पूर्वी करत तसाच. पण 'आधी माझं म्हणणं परत सांग' असं काही ते म्हणाले नाहीत.

"असू दे, बेटा," म्हणाले. "तुला जायचं आहे ना? मग जा."

अगदी मायेने म्हणाले. उठून आत गेले, माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले. मी ते उभ्यानेच प्यायले. इतकं साधं वाक्य होतं ते, आणि ते चुकीच्या बाईला मिळालं होतं. त्यांच्या डोळ्यांत बघितल्यावर मला कळलं, की हे त्यांनाही ठाऊक आहे. मी रिकामा पेला त्यांच्या हातात दिला आणि ऑटोत जाऊन बसले.